घाटघरची मावशी

पहिल्यांदा स्टेथोस्कोप घरी आणला तेव्हा तो मी पिशवीच्या तळाशी, कपड्यांखाली दडवून आणला होता. मंचरच्या स्टँडवर उतरलं की आमच्या महाळुंग्याचं कुणी ना कुणी भेटतंच, आणि भेटलं की पिशवीत काय आहे हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मला मेडिकलला ॲडमिशन मिळाली त्या दिवसापासून गावाने मला डॉक्टरीणबाई करून टाकलं होतं. मला मात्र तिसऱ्या वर्षापर्यंत साधी नाडीसुद्धा पटकन सापडत नव्हती. अशा अवस्थेत गळ्यात नळी दिसली असती तर स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी मनगट पुढे केलं असतं आणि माझी अब्रू तिथेच गेली असती.

तिसऱ्या वर्षी आम्हाला वॉर्डात सोडतात. पेशंटजवळ जायचं, नाव, वय, गाव विचारायचं, काय त्रास होतो, कधीपासून होतो, हे सगळं त्याच्याकडून काढून घ्यायचं. मग तपासायचं. आधी नुसतं बघायचं, मग हात लावायचा, मग बोटाने ठोकायचं आणि शेवटी कान लावायचा. पुस्तकात हे एका पानात बसतं. वॉर्डात मात्र समोर माणूस असतो, आणि माझी अडचण तिथूनच सुरू व्हायची.

मला लाज वाटायची. याला दुसरा शब्द नाही. शहरातल्या मुली खणखणीत आवाजात विचारायच्या, शौचाला कशी होते, लघवीला जळजळ होते का, पाळी किती दिवसांनी येते. मी ज्या घरात वाढले तिथे यातला एकही शब्द मोठ्याने उच्चारला जात नाही. आमच्याकडे पाळी आलेली बाई नुसती 'बाजूला' असते आणि पोट बिघडलेला पुरुष नुसता 'बाहेर' जाऊन येतो. वडिलांच्या वयाच्या एका पेशंटला मी पहिल्यांदा शौचाचं विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर न देता भिंतीकडे तोंड केलं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच करावंसं वाटलं. पोटाला हात लावला की पेशंट म्हणायचे, ताई, हात लई गार हाय तुमचा. मागे उभी असलेली मुलं हसायची. हात गार पडायचा तो घामाने, हे मी कुणाला सांगितलं नाही.

आमच्या एक मॅडम होत्या. त्यांनी माझा एकूण अवतार पाहून सांगितलं, घरी जाशील तेव्हा घरच्या माणसांवर सराव कर. शंभर वेळा नॉर्मल पोट हाताखालून गेलं की बिघडलेलं पोट हाताला आपोआप कळतं.

घरच्या माणसांत वडील बाद झाले, कारण त्यांना गुदगुल्या होतात आणि ते लहान पोरासारखे उड्या मारतात. दादाला पिकअप घेऊन मार्केटला जायचं असायचं. बिबट्याच्या भीतीने शेतातली कामं लवकर उरकून घरी यायची ती आई. मग संध्याकाळी आतल्या खोलीचं दार लावून आम्ही दोघी बसू लागलो.

पहिल्याच दिवशी मी तिला समजावून सांगितलं, की तू माझी नॉर्मल पेशंट. निरोगी माणसाचं अंग कसं असतं ते मला तुझ्यावरून शिकायचंय. आईने हे फार मनावर घेतलं. जणू तिला कुठेतरी नेमणूकच मिळाली होती. चुलतीने विचारलं, दार लावून काय चालतं गं तुमचं, तर आई ऐटीत म्हणाली, "मी नॉर्मल हाय हिची." त्यानंतर चुलती महिनाभर तिला नॉर्मल म्हणूनच हाक मारत होती.

तिचं डोकं दुखत नव्हतं. छातीत धडधडत नव्हतं. दम लागत नव्हता. भूक चांगली, झोप चांगली. मी प्रश्न पुरा करायच्या आत तिचं "न्हाई" तयार असायचं. मी चिडायचे. जरा विचार करून सांग ना, आई, पेशंट असं धडाधड बोलत नाहीत. मग ती दोन क्षण छताकडे बघायची आणि पुन्हा म्हणायची, न्हाई. पोट तपासताना ती साडी बेंबीपर्यंत खाली घ्यायची आणि तिथे मूठ ठेवायची. त्याच्या खाली माझा हात कधी गेला नाही. मला ते बरंच वाटायचं. मला तरी कुठे जायचं होतं?

पुढे स्त्रीरोगाच्या वॉर्डात पोस्टिंग लागलं. तिथे एक बाई ॲडमिट होती, जुन्नरच्या पश्चिमेकडची, घाटघरची. केसपेपरवर गाव वाचलं आणि मला आपल्या भागातलं माणूस भेटल्याचा आनंद झाला. मी जुन्नर-आंबेगावची आहे म्हटल्यावर तीही मोकळी झाली. तिचं अंग बाहेर येत होतं. आमच्याकडे बायका गर्भाशय खाली उतरण्याला असंच म्हणतात, तेही कुजबुजत. ती मात्र माझ्याशी जावेशी बोलावं तशी बोलली.

तिने जे सांगितलं ते मी पेपरवर उतरवत होते. खोकलं, शिंकलं की लघवीचे थेंब जातात. गाडीत बसायचं असेल तर आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही. लग्नाकार्याला जाणं सोडलं, कारण मांडवात बायकांच्या गर्दीत उठबस करता येत नाही. रात्री पायाखाली उशी नाहीतर धान्याचं अर्धं पोतं घेतलं की बरं वाटतं. भात लावताना वाकून जीव जातो. मी मान हलवत लिहीत होते. मग ती म्हणाली, "आन खाली बसायचं तर टाच दाबून बसती मी. नुसती मांडी न्हाई घालता येत. एका पायाची टाच खाली घ्यायची, तिच्यावर बसायचं. म्हंजी आत राहतं."

माझा पेन थांबला.

आमच्या घरात आईची टाच हा थट्टेचा विषय आहे. आई कधीच मांडी घालून बसत नाही. जेवायला, कांदे निवडायला, टीव्हीपुढे, कुठेही बसली तरी एक गुडघा वर आणि दुसऱ्या पायाची टाच अंगाखाली. दादा म्हणायचा, आई कायम एसटी सुटायच्या बेतात बसते. वडील म्हणायचे, हिला पाट दिला तरी ही टाचेवरच बसणार, जुनी खोड आहे. मीही हसायचे. मामाच्या गावची जत्रा तिने कधी सोडली, मला आठवेना. मंचरला जाताना ती बसमध्ये जागा असूनही उभी राहायची आणि आम्हाला वाटायचं तिला खिडकीबाहेर बघायला आवडतं. तिच्या अंथरुणाच्या पायथ्याला ज्वारीचं अर्धं पोतं असायचं. ते तिथे का आहे, हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

मी एका परक्या बाईची हिस्ट्री घेत होते आणि ओळीमागून ओळ माझ्या आईची निघत होती.

थोड्या वेळाने मॅडम आल्या आणि आम्ही सगळे कॉटभोवती जमलो. मॅडमनी बाईला विचारलं, ही मुलं शिकतायत, बघू देता का. बाईने मान हलवली, आणि पडदा ओढून साडी वर घेताना पदर तोंडावर घेतला. तोंड झाकलं आणि बाकीचं अंग आमच्या हवाली केलं. मी पायाशी उभी होते. मॅडम मला म्हणाल्या, हिस्ट्री तू घेतलीस ना, पुढे ये. मी पुढे गेले, पण माझं लक्ष त्या पदराकडे होतं. श्वासाबरोबर तो तोंडावर आत-बाहेर होत होता. मला इतकी लाज वाटली की मॅडमनी विचारलेलं मला ऐकू आलं नाही, आणि त्यांनी मला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. तेही मला ऐकू आलं नाही.

पुढच्या शनिवारी घरी गेले ती सगळं पाठ करून. एसटीत बसून मी वाक्यं जुळवली होती. आई, तुला काही त्रास होतो का खाली. आई, तुला लघवीला. आई, तुझं अंग. एकही वाक्य तोंडातून निघेल असं वाटेना. वॉर्डात पन्नास बायकांना विचारून निर्ढावलेली मी, स्वतःच्या आईपुढे तोंडाला कुलूप. ती कांद्याच्या ढिगाशी बसली होती, टाचेवरच. मी शेजारी बसले, दोन कांदे निवडले आणि त्या घाटघरच्या बाईची गोष्ट सांगितली. नाव नाही सांगितलं. अंग बाहेर येतं म्हणाले, टाचेचं सांगितलं, आता ऑपरेशन होऊन ती बरी होईल तेही सांगितलं. आईने मान वर केली नाही. "व्हय का," म्हणाली. "बिचारी." आणि कांदे निवडत राहिली.

मग मी धीर करून म्हणाले, तुलाही तसं काही. तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. असलं काय बोलतेस, म्हणाली, दादा येईल एवढ्यात. तिचे कान लाल झाले होते. माझेही झाले असणार. आम्ही दोघी मायलेकी त्या ढिगाशी चोरासारख्या बसून राहिलो आणि मला माझ्या सगळ्या शिक्षणाचा राग आला. एवढी मोठाली पुस्तकं वाचून मला एक साधा प्रश्न विचारता येत नव्हता, आणि ती उत्तर देत नव्हती कारण विचारणारी मी होते.

संध्याकाळी तीच म्हणाली, आज तपासायचं न्हाई का. मी खोलीचं दार लावलं. ती नेहमीसारखी खाटेवर आडवी झाली आणि मूठ बेंबीपाशी ठेवली. मी स्टेथोस्कोप काढलाच नाही. स्टूल घेतलं, वॉर्डात बसते तशी तिच्या उजव्या हाताला बसले. असं करायचं हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. वॉर्डात सगळ्या बायकांना मी ज्या हाकेने बोलते तीच तोंडातून गेली.

"मावशी, नाव काय तुमचं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. तिने भलतंच एक नाव सांगितलं, आमच्या कुणाचंच नसलेलं.

"गाव?"

"घाटघर," आई म्हणाली.

मग मी तिला सगळं विचारलं. वॉर्डात ज्या क्रमाने विचारायचं त्याच क्रमाने, अहो-जाहो करत, आणि तिनेही मला अहो-जाहो करत सांगितलं. अंग बाहेर येतं. पहिल्यांदा नुसतं जड वाटायचं, मग सुपारीएवढं लागायला लागलं, आता मूठभर येतं. दिवसभर कामात येतं, रात्री हाताने आत सारते. पांढरं जातं. कंबर धरते. जुन्या साडीच्या घड्या घेते आणि घरात कुणाला दिसू नयेत म्हणून अंधार असताना धुते. मालकांना माहीत नाही, कंबरेचं दुखणं आहे असं सांगितलंय. हे सगळं ती छताकडे बघून बोलत होती, न थांबता, आणि तिच्या आवाजात एक सुटल्यासारखं काहीतरी होतं. मला रडू येत होतं. पण डॉक्टर पेशंटपुढे रडत नाहीत, म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला.

"मावशी, दवाखान्यात का नाही दाखवलं कधी?"

"मंचरला दाखवलं तर मार्केटभर व्हतं," ती म्हणाली. पुढे म्हणाली, "आन माझी पोरगी डॉक्टरकी शिकतीय. ती मला नॉर्मल धरून शिकत व्हती. मधीच सांगितलं असतं तर तिचा हात बिघडला असता."

मी खाली बघितलं. माझे हात मांडीवर होते. या हातांना नॉर्मल पोट कळावं म्हणून ती प्रत्येक वेळी मूठ बेंबीशी घट्ट धरून पडत होती, आणि मी तिच्या 'न्हाई' ला वैतागत होते.

"कधीपासून आहे हे?"

"धाकट्या बाळंतपणापासनं. पोरगी लई वजनाची व्हती. दोन दिस अडली. सुईणीनं वडून काढली. सव्वा महिना बी घरात बसाया मिळालं न्हाई, बटाट्याची काढणी आली. माणूस मिळंना. पाट्या वाह्यल्या डोक्यावरनं."

घाटघरला बटाटा होत नाही, तिकडे भात होतो.

"केवढी आहे ती पोरगी?"

आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि त्या संपूर्ण वेळात पहिल्यांदाच तिचे डोळे भरले.

"तुमच्याएवढी असंल," ती म्हणाली. "पर तिला सांगू नका, म्याडम."

मी नाही सांगणार म्हणाले. मग उठून दार उघडलं. आई स्वयंपाकघरात गेली आणि मला हाक मारून म्हणाली, पीठ मळून दे गं, बाय. जेवताना दादाने टाचेवरून काहीतरी थट्टा केली. मी त्याच्यावर एवढ्या जोरात ओरडले की वडिलांचा घास हातात राहिला. आईने मला भाजी वाढली.

दवाखान्यात दाखवायला ती तयार झाली, पण तिला कुठे न्यायचं यावर माझी लाज पुन्हा आडवी आली. मी म्हणाले, आमच्या कॉलेजला नको, दुसरीकडे दाखवू. गर्दी असते तिथे, असं कारण सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. त्या कॉटभोवती माझ्या ओळखीची मुलं उभी राहतील, आणि पदर तोंडावर घेतलेली बाई माझी आई असेल, हे मला सहन होणार नव्हतं. तिच्या दुखण्याची मला लाज वाटत नव्हती. ते लोकांनी बघण्याची वाटत होती, आणि दोन्हींत फरक आहे असं मी स्वतःला दहा वेळा समजावलं. आई म्हणाली, तू जिथं हाय तिथंच मला भ्या न्हाई वाटायचं. घरी कंबरेच्या दुखण्याचं सांगून आम्ही निघालो. आई सगळा रस्ता उभी राहिली, आणि मीही तिच्या शेजारी उभी राहिले.

ओपीडीत त्याच मॅडम होत्या. मी सांगितलं, ही माझी आई. त्यांनी तिला नीट बसवलं, आणि मग माझ्याकडे न बघता आईलाच विचारलं, की इथे शिकणारी मुलं आहेत, त्यांनी तुमच्याशी बोललेलं, तपासताना उभं राहिलेलं चालेल का. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले की ती नाही म्हणू दे. आई म्हणाली, पोरी येऊ द्या, पोरं नको. मॅडमनी मुलांना बाहेर काढलं.

हिस्ट्री घ्यायला माझ्या मागच्या वर्षाची एक मुलगी आली. नुकतंच पोस्टिंग सुरू झालेलं, प्रश्न ती हातातल्या कागदावरून वाचत होती. लघवीचं विचारताना तिने कागदातून मान वर केली नाही. आई तिला धीर देत उत्तरं देत होती. एक पाय स्टुलाच्या दांडीवर, दुसऱ्याची टाच ओढून अंगाखाली घेतलेली. मी मागे पिशव्या धरून उभी होते. त्या मुलीच्या जागी मी होते त्याला वर्षही झालेलं नव्हतं, म्हणून मला तिची कीव यायला हवी होती, पण मला तिचा हेवा वाटला. समोरची बाई तिची कुणी लागत नव्हती.

"आणि मावशी, हा त्रास कधीपासून आहे?"

"झाली असतील की दोन-तीन वरसं," आई म्हणाली.

मुलीने लिहायला पेन टेकवला. उपचारात याने तसा फरक पडणार नव्हता. ऑपरेशन तेच होणार होतं. मी गप्प बसले असते तर आई समाधानाने घरी गेली असती आणि मीही. पण माझ्यासमोर ती पुन्हा नॉर्मल होत होती, माझ्यासाठी, एवढ्या लोकांत. आणि मला त्या क्षणी सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली असेल तर तिने प्रत्येक वेळी पोटाशी धरलेल्या त्या मुठीची.

"बावीस वर्षं," मी म्हणाले.

मुलीने वर बघितलं. "बावीस? नक्की?"

"माझं वय आहे ते. तेच लिही."

मॅडमचं लिहिणं थांबलं. बाकीच्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या, आणि माझे कान तापले, पण मी मान खाली घातली नाही. आई स्टुलावर अर्धवट वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणीतरी दिलेला शब्द मोडावा, तसं ती माझ्याकडे बघत होती.

"तुमाला म्हणले व्हते ना," ती हळूच म्हणाली, "तिला सांगू नका म्हणून."

"मी नाही सांगितलं, मावशी," मी म्हणाले. "तिला कळलं."

मग आईने अंगाखालची टाच सोडवली, पाय खाली जमिनीवर टेकवला आणि त्या मुलीला म्हणाली, लिवा, बाय, बावीस.